करार किती ते सोडा, क्रेडिट परत आले का ते विचारा: आंतरराष्ट्रीय वळणाचं कॉलेज निवडताना

बारावीचा निकाल जवळ आला की गोव्यातल्या घरांत कॉलेजांची माहितीपत्रकं साठायला लागतात. त्यांतल्या बऱ्याच पत्रकांत एक पान परदेशी झेंड्यांचं असतं. इतक्या देशांशी करार, तितकी भागीदार विद्यापीठं. या पानावरून काहीच ठरवता येत नाही. सामंजस्य करार, ज्याला सगळे एमओयूच म्हणतात, तो पुष्कळदा दोन-चार पानांचा सदिच्छेचा कागद असतो. काही वर्षांची मुदत, दोन सह्या, एक फोटो. त्या मुदतीत एकही विद्यार्थी कुठे गेला नाही तरी करार कागदावर चालूच राहतो.

खरी कसोटी वेगळी आहे. या कॉलेजातला विद्यार्थी एक सत्र बाहेर शिकून आला, तर तिथले क्रेडिट, म्हणजे पूर्ण केलेल्या अभ्यासाचं माप, त्याच्या इथल्या गुणपत्रिकेवर उतरतात का? आणि त्याची पदवी वेळेत हातात पडते का? प्रवेश समुपदेशकाच्या टेबलापेक्षा परीक्षा विभागाच्या खिडकीवर याचं उत्तर जास्त खरं मिळतं. पुढची सगळी तपासणी याच प्रश्नाभोवती फिरते.

आधी ठरवा, नेमकं काय हवंय

'आंतरराष्ट्रीय' या एका शब्दाखाली चार वेगळ्या गोष्टी खपवल्या जातात. पहिली, इथलीच पदवी, पण मधलं एखादं सत्र परदेशात, म्हणजे सेमिस्टर एक्स्चेंज. दुसरी, परदेशी विद्यापीठाबरोबर मिळून दिलेली पदवी. तिसरी, परदेशी विद्यापीठाची भारतातली शाखा. चौथी, पदवी पूर्णपणे इथेच, पण ती घेऊन बाहेर पदव्युत्तर शिक्षणाला जाताना अडू नये इतकी भक्कम.

गोव्यातल्या बहुतेक मुलांना खरं म्हणजे चौथी गोष्ट हवी असते. पालक मात्र दुसऱ्या गोष्टीचे पैसे भरून बसतात. वर्षाला काही लाख शुल्क घेणाऱ्या खासगी विद्यापीठात तीन वर्षं घालवली आणि अखेर पुढचं शिक्षण कर्ज काढूनच करायचं ठरलं, तर आधीच्या खर्चातून नेमकं काय मिळालं ते सांगणं कठीण होतं. त्यापेक्षा इथल्या चांगल्या कॉलेजातून चार वर्षांची ऑनर्स पदवी, एक परदेशी भाषा बी-टू पातळीपर्यंत (युरोपीय मोजपट्टीवरची चौथी पायरी; ए-वन सर्वांत खालची) आणि एखाद्या संशोधन संस्थेत केलेला प्रकल्प, हा मार्ग स्वस्त आहे आणि पुष्कळदा जास्त उपयोगी ठरतो. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं एमएससाठी चार वर्षांची पदवी मागतात. जर्मनीत तीन वर्षांची पदवी पुष्कळ ठिकाणी चालते, पण तिथे विषयवार हिशेब होतो: गणिताचे इतके क्रेडिट, संगणकाचे इतके. म्हणून प्रवेश घेतानाच गौण विषय डोळे उघडे ठेवून निवडावेत.

गोव्यातली रचना समजून घ्या

ताळगाव पठारावरचं गोवा विद्यापीठ १९८५ साली सुरू झालं आणि राज्यातली बहुतेक पदवी महाविद्यालयं त्याच्याशी संलग्न आहेत. संलग्न म्हणजे अभ्यासक्रम विद्यापीठाचं अभ्यास मंडळ ठरवतं आणि पदवीवर शिक्का विद्यापीठाचा असतो. त्यामुळे अशा कॉलेजाने परस्पर एखाद्या परदेशी संस्थेशी करार केला, तरी तिथले क्रेडिट पदवीत धरायचे की नाही हे कॉलेजाच्या एकट्याच्या हातात नसतं. करारातून व्याख्यानं होतील, आठ दिवसांची सहल होईल, ऑनलाइन कार्यशाळा होईल. त्या चांगल्याच गोष्टी आहेत, पण त्यांना एक्स्चेंज म्हणत नाहीत.

स्वायत्त कॉलेजाची गोष्ट थोडी वेगळी. मडगावच्या चौगुले महाविद्यालयासारख्या स्वायत्त संस्था अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवतात, म्हणून तिथे क्रेडिट बसवून घ्यायला जागा जास्त असते. तरीही पदवी विद्यापीठच देतं, तेव्हा 'विद्यापीठाने मान्य केलंय का' हा प्रश्न तिथेही विचारायचाच.

अभियांत्रिकीकडे जाणाऱ्यांसाठी झुआरीनगरचं बिट्स पिलानीचं संकुल (२००४), एनआयटी गोवा (२०१०) आणि आयआयटी गोवा (२०१६) या संस्थांची पदवी गोवा विद्यापीठाची नसते. बिट्समध्ये शेवटच्या वर्षी संकुलाबाहेर, परदेशी विद्यापीठातसुद्धा, प्रबंध करायची वाट आहे. ती अभ्यासक्रमाचाच भाग असल्यामुळे क्रेडिटची भांडणं होत नाहीत. अशी अंगभूत सोय शंभर करारांपेक्षा मोलाची. फक्त मार्गदर्शक प्राध्यापक शोधणं, त्यांना ईमेल पाठवणं, राहण्याची व्यवस्था हे बरंचसं विद्यार्थ्यालाच करावं लागतं.

आणि एक गोष्ट गोव्यातली माणसंच विसरतात. दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था (१९६६) आणि वास्कोची ध्रुवीय व महासागर संशोधन संस्था इथे जगभरच्या शास्त्रज्ञांबरोबर काम चालतं. अंटार्क्टिकाच्या मोहिमांची आखणी वास्कोत होते! विज्ञान शाखेच्या मुलाने अशा ठिकाणी दोन-तीन महिन्यांचा प्रकल्प केला, तर पुढच्या अर्जात तो एखाद्या परदेशी 'समर स्कूल'पेक्षा जास्त वजन पाडतो. म्हणून कॉलेज निवडताना विचारा: मागच्या वर्षी किती मुलांनी तिथे प्रकल्प केले, आणि शिफारसपत्र देणारा विभागप्रमुख तिथल्या कुणाला ओळखतो का?

घरबसल्या करायची तपासणी

कॉलेजात फोन करण्याआधी संगणकावर एक संध्याकाळ घालवा. क्रम असा ठेवा.

सुरुवात एनआयआरएफच्या माहितीपासून. या राष्ट्रीय क्रमवारीत भाग घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला आपली आकडेवारी पीडीएफ स्वरूपात जाहीर करावी लागते. क्रमांक किती आला ते सध्या बाजूला ठेवा. विद्यार्थिसंख्येचा तक्ता उघडा. त्यात राज्यातले, राज्याबाहेरचे आणि देशाबाहेरचे विद्यार्थी असे वेगळे रकाने असतात, तेही तीन वर्षांची पदवी, चार वर्षांची पदवी असे अलग. 'देशाबाहेरचे' या रकान्यात शून्य असेल आणि माहितीपत्रकावर 'जागतिक वातावरण' छापलेलं असेल, तर कशावर विश्वास ठेवायचा ते उघड आहे. त्याच फायलीत उच्च शिक्षणासाठी किती जण गेले तोही आकडा असतो. पण त्यात परदेशी गेलेले वेगळे काढलेले नसतात, हे लक्षात ठेवून वाचा.

बाहेरून विद्यार्थी येतात की नाही याला इतकं महत्त्व का? एक्स्चेंज हा देवाणघेवाणीचा व्यवहार आहे. तुमचा एक विद्यार्थी तिकडे शुल्क न भरता शिकतो, कारण त्यांचा एक इकडे तसाच शिकणार असतो. तिकडून कुणी येतच नसेल तर एक-दोन वर्षांत तोल बिघडतो आणि समोरचं विद्यापीठ जागा कमी करतं. वसतिगृह नसलेल्या कॉलेजात हे फार लवकर होतं. जर्मनीहून आलेल्या मुलीला सहा महिने कुठे ठेवणार, याचं उत्तर नसलेला करार फार दिवस टिकत नाही.

दुसरं पाऊल नॅकचं, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेचं. श्रेणी बघा: ३.०१ ते ३.२५ म्हणजे ए, ३.२६ ते ३.५० ए प्लस, त्यावर ए डबल प्लस. पण श्रेणीपेक्षा वार्षिक गुणवत्ता अहवाल, म्हणजे एक्यूएआर, जास्त बोलका. कॉलेजाच्या संकेतस्थळावर आयक्यूएसीच्या (अंतर्गत गुणवत्ता कक्षाच्या) पानाखाली तो सापडतो. त्यातल्या तिसऱ्या निकषात चालू करारांची यादी आणि त्या वर्षात प्रत्येक करारातून काय झालं हे लिहावं लागतं. एका कराराखाली 'वेबिनार', दुसऱ्याखाली 'वेबिनार', तिसऱ्याखाली 'योग दिनानिमित्त ऑनलाइन कार्यक्रम' असं दिसलं की पुढचं वाचायची गरज नाही. 'दोन विद्यार्थी, एक सत्र, अमुक विभाग' असं एक वाक्य दिसलं तरी आशा आहे.

तिसरं पाऊल बहुतेक लोक गाळतात. परदेशी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर जा आणि त्यांच्या भागीदारांच्या यादीत आपलं कॉलेज शोधा. पुष्कळ विद्यापीठं भारतातले भागीदार, विद्याशाखा आणि कधीकधी जागांची संख्यासुद्धा तिथे देतात. इथे दोन घोळ निघतात. एक, नावच नसतं, म्हणजे करार संपलाय किंवा त्यांच्या लेखी फारसा महत्त्वाचा नाही. दुसरा, नाव असतं पण करार फक्त व्यवस्थापन शाखेपुरता असतो, आणि तुम्हाला तो वाणिज्य पदवीचा म्हणून सांगितला गेलेला असतो. परदेशी संस्था मुळात खरी आहे का हेही याच बैठकीत बघून घ्या: जर्मनीसाठी अनाबिन, ऑस्ट्रेलियासाठी टेक्सा, इंग्लंडसाठी ऑफिस फॉर स्टुडंट्सची नोंदवही. तिन्ही फुकट आहेत.

मग फोन, आणि शक्यतो भेट

आंतरराष्ट्रीय विभागात फोन करून हे विचारा:

- गेल्या तीन वर्षांत पदवीचे किती विद्यार्थी संपूर्ण सत्रासाठी गेले? दोन आठवड्यांच्या सहली धरू नका.
- माझ्या विषयातून किती?
- त्यांच्यापैकी कुणाशी बोलता येईल?
- परत आल्यावर कुठला पेपर पुन्हा द्यावा लागला का?
- पात्रतेसाठी किमान सीजीपीए (सगळ्या सत्रांची एकत्र सरासरी) किती, आणि एक जरी पेपर राहिलेला असेल तर काय?

तिसऱ्या प्रश्नावर जो अडखळतो, त्याच्याकडे पहिल्या प्रश्नाचा आकडाही बहुधा पोकळ असतो. विभागात पूर्णवेळ माणूस आहे की इंग्रजीच्या प्राध्यापकांकडे जादा काम म्हणून तो कारभार दिलाय, हेही फोनवरच कळतं. जादा काम असलं म्हणजे वाईटच असं नाही, पण जानेवारीत व्हिसाचं पत्र अडलं आणि प्राध्यापक पेपर तपासणीला गेलेले असले, की आठवडा हातातून जातो.

क्रेडिटचं गणित

इथे थोडं थांबून नीट बघायला हवं, कारण निम्म्या तक्रारी इथूनच सुरू होतात.

भारतात नव्या चौकटीप्रमाणे एका वर्षाचे ४० क्रेडिट धरतात, तीन वर्षांच्या पदवीला १२०, चार वर्षांच्या पदवीला १६०. युरोपात एका वर्षाचे ६० ईसीटीएस (तिथल्या क्रेडिटचं नाव), तीन वर्षांचे १८०. अमेरिकेत साधारण वर्षाला ३०, चार वर्षांचे १२०. म्हणजे एक सत्र म्हणजे इथले २०, युरोपातले ३० आणि अमेरिकेतले १५. वर्षाला वर्ष लावलं तर इथला एक क्रेडिट बरोबर दीड ईसीटीएस.

पण तासांनी मोजलं की हिशेब बदलतो. इथे एका क्रेडिटमागे अभ्यासाचे ३० तास धरतात आणि ईसीटीएसमागे २५ ते ३० तास. या हिशेबाने एक क्रेडिट म्हणजे जेमतेम एक ते सव्वा ईसीटीएस. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर आहेत. प्रश्न इतकाच, की तुमचं कॉलेज कुठली वापरतं? तुम्ही लिस्बनला ३० ईसीटीएस पूर्ण करून आलात, तर वर्षाच्या हिशेबाने सत्राचे २० क्रेडिट भरले. पण परीक्षा विभाग पेपराला पेपर जुळवू लागला, की 'तुमचा हा विषय आमच्या त्या विषयाशी ७० टक्केच जुळतो' असं म्हणून चार क्रेडिट लटकतात आणि तो पेपर पुढच्या वर्षी ज्युनिअरांबरोबर द्यावा लागतो.

यावर उपाय एकच. निघण्यापूर्वी लर्निंग अ‍ॅग्रीमेंट करून घ्यायचं. डावीकडे तिथले विषय, उजवीकडे त्यांच्या जागी इथले कुठले विषय माफ होणार ते, आणि खाली तीन सह्या: विभागप्रमुख, परीक्षा विभाग, परदेशी विद्यापीठ. परीक्षा विभागाची सही हमखास राहून जाते, आणि नेमकी तीच सर्वांत महत्त्वाची. तिथे पोचल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत एखादा विषय बदलावा लागतो, कारण वेळापत्रक जुळत नाही किंवा वर्ग भरलेला असतो. बदल झाल्याबरोबर ईमेलने इथली मंजुरी घ्या. फोनवरची मंजुरी सहा महिन्यांनी कुणाला आठवत नाही. शिवाय तिथले गुण इथल्या सीजीपीएत धरणार की फक्त 'उत्तीर्ण' लिहिणार, हेही आधीच विचारून ठेवा. जर्मनीत पुढे अर्ज करायचा असेल तर गुणांवरच बव्हेरियन सूत्राने (परदेशी गुण जर्मन श्रेणीत बदलायची रीत) ग्रेड काढतात, त्यामुळे फरक पडतो.

विज्ञानाच्या मुलांना प्रात्यक्षिकं जुळवणं कठीण जातं, भाषा आणि समाजशास्त्रवाल्यांना सोपं. विज्ञानवाल्यांनी सत्रभर वर्गात बसण्यापेक्षा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प बाहेर करावा. तिथे जुळवायचं काहीच नसतं.

सत्र कुठलं निवडायचं

इथलं जून-जुलैत सुरू होणारं सत्र ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या परीक्षांवर संपतं. अमेरिका आणि सिंगापूरचं सत्र ऑगस्टात सुरू होऊन डिसेंबरात संपतं. ते पाचव्या सत्राच्या जागी बरं बसतं, परत येईपर्यंत सहाव्याचे थोडेच दिवस बुडालेले असतात. (चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, मात्र हुकते, घरच्यांना आधीच सांगून ठेवा.) जर्मनीचे वर्ग ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतात आणि परीक्षा फेब्रुवारीपर्यंत चालतात. म्हणजे इथल्या दोन सत्रांचा चुराडा. इंग्लंडमध्ये पहिल्या सत्राच्या परीक्षा अनेक ठिकाणी नाताळनंतर जानेवारीत असतात. तेव्हा कॉलेजला थेट विचारा: 'माझं सहावं सत्र उशिरा सुरू झालं तर ७५ टक्के हजेरीचं काय?' यावर लेखी सूट मिळत नसेल तर ऑगस्ट-डिसेंबरवालंच विद्यापीठ निवडावं, मग झेंडा कुठला का असेना.

'२+२' आणि जोडपदवी: नियम काय सांगतात

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली परदेशी सहकार्याचे तीन प्रकार आखून दिले. ते तोंडपाठ असले की निम्मे विक्रेते गप्प बसतात.

ट्विनिंगमध्ये पदवी भारतीय संस्थेचीच असते आणि परदेशात मिळवलेले क्रेडिट एकूणांच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाहीत. १२० पैकी ३६, म्हणजे दोन सत्रांपेक्षा थोडे कमी. संयुक्त पदवीत दोन्ही संस्थांकडून किमान ३० टक्के क्रेडिट आणि दोघांच्या बोधचिन्हांचं एकच प्रमाणपत्र. दुहेरी पदवीत दोन वेगळ्या पदव्या, पण भारतीय संस्थेतून किमान ३० टक्के क्रेडिट हवेत.

आता '२ वर्षं इथे, २ वर्षं तिथे' या जाहिरातीला हे लावून बघा. निम्मे क्रेडिट बाहेर, म्हणजे ट्विनिंग नक्की नाही. मग संयुक्त की दुहेरी? दोन्ही नसेल, तर तुम्ही दोन वर्षांनी इथून बाहेर पडून तिथे थेट तिसऱ्या वर्षात बसणार आणि पदवी फक्त परदेशी मिळणार. यातही गैर काही नाही, पण व्हिसा नाकारला गेला तर? इथली संस्था तुम्हाला तिसऱ्या वर्षात बसवून घेऊन पदवी पूर्ण करू देईल का? या प्रश्नाचं उत्तर प्रवेशाच्या पैशाआधी, कागदावर, शिक्क्यासकट हवं. ज्यांना परदेशी भाग पूर्ण करता येत नाही त्यांच्यासाठी बाहेर पडायची वाट ठेवावी, अशी नियमांचीही अपेक्षा आहे.

फ्रँचायझी पद्धतीला, म्हणजे नाव परदेशी विद्यापीठाचं आणि शिकवणार म्हापशाच्या भाड्याच्या मजल्यावरची कुठलीतरी अकादमी, या नियमांत जागा नाही. ऑनलाइन आणि दूरशिक्षणाचे अभ्यासक्रमही त्यांत बसत नाहीत. परदेशी पदवीला समकक्षता देण्याचे आयोगाचे २०२५ चे नियमही फ्रँचायझीची पदवी धरत नाहीत. वैद्यकीय, कायदा, वास्तुशास्त्र यांचा कारभार तर त्या त्या परिषदेकडे, तिथे आयोगाचं पत्र दाखवून काम होत नाही. परदेशातून एमबीबीएस करायचं असेल तर नीट उत्तीर्ण व्हायलाच हवं, शिवाय इंग्रजी माध्यमातून किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम आणि १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच संस्थेत, असं २०२१ च्या नियमांत आहे.

परदेशी विद्यापीठांच्या भारतातल्या शाखा आता सुरू झाल्या आहेत. गांधीनगरच्या गिफ्ट सिटीत डीकिन आणि वोलोंगाँग, गुरुग्रामला साउदॅम्प्टन. पदवी मूळ विद्यापीठाची मिळते आणि खर्च तिकडच्यापेक्षा कमी येतो, पण अभ्यासक्रम मोजकेच आहेत. इथे एकच विचारा: एक वर्ष मूळ संकुलात जाता येतं का, आणि त्या वर्षाचं शुल्क इथल्या दराने की तिथल्या?

भाषा

गोव्याला इथे जन्मजात सवलत आहे, ती वापरावी. गोवा विद्यापीठात पोर्तुगीज आणि फ्रेंच शिकवतात, आणि पणजीत कामोंइशचं पोर्तुगीज भाषा केंद्र आहे. कॉलेज निवडताना परदेशी भाषा सलग किती सत्रं शिकवतात ते बघा. एका सत्राची 'तोंडओळख' ए-वनच्याही खाली राहते. युरोपात त्या भाषेतून शिकायचं तर बहुधा बी-टू लागते, आणि रोज तासभर दिला तरी तिथे पोचायला दीड-दोन वर्षं लागतात. पोर्तुगीजची प्रमाणपत्रं सिप्ले (ए-टू), देप्ले (बी-वन), दिप्ले (बी-टू) अशी चढत जातात. फ्रेंचचं डेल्फ प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. आयेल्ट्स या इंग्रजी परीक्षेचा निकाल मात्र दोनच वर्षं ग्राह्य धरतात, म्हणून तो पहिल्या वर्षाला देऊन ठेवण्यात अर्थ नाही.

पोर्तुगीज पासपोर्टचा मोह

१९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मागता येतं. 'मग शुल्क वाचेल' हे गणित घरोघरी मांडलं जातं. ते मांडताना तीन गोष्टी खाली लिहाव्यात.

भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं आणि पुढे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांसाठीचं) घ्यावं लागतं. मार्च २०२१ च्या अधिसूचनेप्रमाणे ओसीआयधारकाला नीट, जेईई देता येते, पण एनआरआय किंवा जादा जागांवरच. भारतीय नागरिकांसाठीच्या जागा त्याला मिळत नाहीत. म्हणजे बारावीच्या तोंडावर पासपोर्ट बदलला आणि नंतर इथेच शिकायचं ठरलं, तर स्वस्त दरवाजा आपणच बंद केलेला असतो.

दुसरं, इंग्लंडमध्ये २०२१ पासून नव्याने प्रवेश घेणाऱ्या युरोपीय नागरिकांनाही सहसा परदेशी विद्यार्थ्याचंच शुल्क लागतं. ज्या देशासाठी बहुतेकांनी हा पासपोर्ट काढला, तिथेच तो शुल्कापुरता निकामी झाला. तिसरं, आयर्लंडमध्ये शुल्कमाफीसाठी मागच्या पाचपैकी तीन वर्षं युरोपात राहिल्याचा पुरावा लागतो, नुसता पासपोर्ट पुरत नाही. नेदरलँड्समध्ये नागरिकत्वावर काम भागतं. जर्मनीत तर सरकारी विद्यापीठांत बहुतेक राज्यांत भारतीय मुलालाही शिकवणी शुल्क नाही (बाडेन-व्यूर्टेम्बर्ग वगळता, तिथे सत्राला १,५०० युरो). देश ठरल्याशिवाय पासपोर्टला हात लावू नये, हे बरं.

पैसे

एक्स्चेंजमध्ये शुल्क इथलंच भरायचं असतं. राहणं, जेवण, विमा, तिकीट, व्हिसा हे आपलं. अंदाज बांधायला जर्मनीचा आकडा सोयीचा आहे, कारण तो सरकारनेच ठरवलेला आहे: सप्टेंबर २०२४ पासून महिन्याला ९९२ युरो दाखवावे लागतात. सहा महिन्यांचे ५,९५२. युरोला शंभर रुपये धरले तरी सहा लाखांच्या घरात, तिकीट वेगळं. तिथे पूर्ण पदवीसाठी जाणाऱ्यांना २०२२ च्या नोव्हेंबरपासून एपीएस प्रमाणपत्रही (इथली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं) लागतं, आणि ते यायला वेळ लागतो हे धरून चाला.

गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शैक्षणिक कर्ज योजना बऱ्याच घरांना माहीत असते. फक्त त्यात मधल्या एका सत्राचा परदेशी खर्च बसतो का, हे आधी विचारा; कर्ज साधारणपणे अभ्यासक्रमाच्या शुल्काभोवती आखलेलं असतं. पदव्युत्तर शिक्षणासाठी राज्य सरकारची मनोहर पर्रीकर गोवा स्कॉलर्स योजना आहे. युरोपातल्या इरास्मुस मुंडुस मास्टर्सला (अनेक विद्यापीठं मिळून चालवतात ते अभ्यासक्रम) शिष्यवृत्ती म्हणून महिन्याला १,४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने मिळतात. अर्ज पदवीच्या शेवटच्या वर्षात असतानाच करता येतो आणि मुदती बहुधा डिसेंबर ते फेब्रुवारीत संपतात. ज्या कॉलेजात नोव्हेंबरात शिफारसपत्र मागितलं तर कुणी तोंड वाकडं करत नाही, ते कॉलेज या कामाचं.

हॉटेल व्यवस्थापनाच्या मुलांसाठी एक वाक्य. परदेशी इंटर्नशिप हे काम आहे, शिक्षण नव्हे, तेव्हा पगार किती, राहण्याचे पैसे कोण देणार आणि एजंटाचं शुल्क किती, हे तिन्ही आकडे नेमणूकपत्रात बघितल्याशिवाय सही करू नये.

नावाचे घोळ

हे कॉलेज निवडण्याच्या आधीच उरकायचं काम आहे. गोव्यात एकाच घरात जन्मदाखल्यावर पोर्तुगीज वळणाचं आडनाव, शाळेच्या दाखल्यावर इंग्रजी वळणाचं आणि पासपोर्टवर तिसरंच असं सहज सापडतं. वडिलांचं नाव मधे की शेवटी, हा आणखी एक पेच. दहावीचं प्रमाणपत्र, आधार, अपार क्रमांक (विद्यार्थ्याचा राष्ट्रीय ओळख क्रमांक), पासपोर्ट आणि वडिलांचा जन्मदाखला समोरासमोर ठेवून अक्षर न् अक्षर तपासा. फरक असेल तर प्रतिज्ञापत्रावर भागेल की १९९० च्या नाव-आडनाव बदल कायद्याखाली निबंधकाकडे जावं लागेल, ते विचारून घ्या. दुसऱ्या प्रकारात काही महिने धरावेत. प्रवेशाच्या वेळी कॉलेजने जे नाव नोंदवलं तेच क्रेडिट बँकेत (क्रेडिट जमा होणाऱ्या राष्ट्रीय खात्यात) आणि पदवीवर उतरतं. नंतर दुरुस्त करायला प्रत्येक गुणपत्रिका परत द्यावी लागते.

कधी काय करायचं

अकरावीच्या उन्हाळ्यात नावं आणि पासपोर्ट. बारावीच्या दिवाळीपर्यंत पाच-सहा कॉलेजांची वर सांगितलेली कागदी तपासणी, त्यातून तीन ठेवायची. जानेवारीत फोन, आणि जमलं तर कामाच्या दिवशी भेट. पुण्या-मणिपालकडची कॉलेजं यादीत असतील तर तिथे शिकणारा गोव्यातला एखादा मुलगा शोधा, तो मेसपासून परीक्षा विभागापर्यंत सगळं सांगतो.

प्रवेशानंतर पहिल्या सत्रात भाषा सुरू करायची आणि एकही पेपर मागे ठेवायचा नाही, कारण एक्स्चेंजची छाननी तिसऱ्या सत्राच्या निकालावर होते. तिसऱ्या सत्रात आंतरराष्ट्रीय विभागात नाव नोंदवायचं. चौथ्यात लर्निंग अ‍ॅग्रीमेंटच्या सह्या, व्हिसाची वेळ. अमेरिकेच्या व्हिसासाठी गोव्याला मुंबईचं वाणिज्य दूतावास लागतं आणि मे-जूनमध्ये तिथे तारखा मिळत नाहीत, म्हणून परदेशी विद्यापीठाचं पत्र एप्रिलपर्यंत हातात यायला हवं. ते पत्र मागच्या तुकडीला कुठल्या महिन्यात मिळालं होतं, हा प्रश्नही जानेवारीच्या त्याच फोनवर विचारून घ्या.